दहा वाजताची सावली

फेब्रुवारी संपत आला तरी रंगपेट्या आल्या नाहीत.
मी दोनदा अर्ज लिहिला, एकदा स्वतः जाऊन आले.
बाबू म्हणाले, मॅडम, आता मार्चनंतर पाहू.
म्हणून गुरुवारी सकाळी पाचवी ‘ब’ची एकोणतीस पोरं
जोड्या लावून, गिट्टीखदानातून चालत,
सेमिनरी हिल्सवर नेली.

नियम एकच सांगितला :
झाडावरचं तोडायचं नाही,
खाली पडलंय ते आपलं.
‘मॅडम, पैसे पडले असले तं?’
ते आपले नाहीत, म्हटलं,
आणि नियमाला पहिल्याच मिनिटाला भोक पडलं.

सागाची पानं इतकी वाळलेली
की चालताना अख्खी टेकडी पापड मोडत होती.
शिरीषाच्या शेंगा खुळखुळत होत्या.
पळसाची फुलं, देठाशी काळी मखमली टोपी घातलेली,
नाझनीननं बाहीवर घासून पाहिली,
आणि मग घरी काय सांगायचं
यावर तिघींची बैठक बसली.

उन्नती मेश्रामनं सागाच्या देठांची मेट्रो आखली,
करंजाच्या शेंगा प्रवासी.
सीताबर्डीला गाडी बदलते
म्हणून तिथं बाभळीचा एक काटा :
उतरा जपून.

वाघ नको, दरवर्षी वाघच होतो, असं बजावलं होतं.
तरी वाघ झाला.
शेपटीची काडी उचलली तर तिच्यावर मुंग्यांचं अख्खं गाव,
म्हणून बिनशेपटीचा.

सुकेश कुमरेनं मात्र
पान उचललं नाही, फूल उचललं नाही.
सदऱ्याच्या ओच्यात रस्त्याकडेची गिट्टी भरून आणली,
काळी, धारदार, हाताला लागणारी,
आणि कडुनिंबाखाली पालथा पडून
एकेक खडा लावत सुटला.
अर्धं झाड झडलेलं. सावली कसली, जाळीच ती.
तिच्या प्रत्येक दातऱ्याशी एक खडा.

‘काय करून राहिला बे?’
‘सावलीले कुंपण.’

पोट्टे हसले.
मीही हसणार होते, पण तो घड्याळ विचारत होता.
दहा, मी म्हटलं.

साडेदहाला मी पाहते तर सावली उठून चालू पडलेली,
कुंपण उन्हात एकटं.
‘पळाली ना बे तुही म्हैस!’ वाघवाले ओरडले.
तो खड्यांमधली माती फुंकत होता.
‘दहाले इथंच होती, मॅडम.
लिहून ठेवा.’

लिहायला मला निराळंच होतं.
फॉर्ममध्ये : वापरलेले साहित्य, झालेला खर्च, फोटो.
खर्च शून्य टाकला तर कॉम्प्युटर घेईना.
बाबू म्हणाले, एक रुपया तरी टाका, मॅडम.
टाकला.
फोटोत मेट्रो छान आली, वाघही ओळखू येत होता.
सुकेशच्या फोटोत नुसते खडे,
ट्रकातून सांडल्यासारखे.

शुक्रवारी शाळा दुपारची.
कशाला गेले, ते विचारू नका,
भाजीची पिशवी हातात होतीच.
मेट्रो शेळ्यांनी खाल्ली होती, प्रवाशांसकट.
वाघाचा एक पाय शिल्लक.
खडे जागच्या जागी,
तीन सोडून.

पावणेदहापासून उकिडवी बसले.
सावली आली, घाई न करता,
कालच्यापेक्षा थोडी विरळ,
रात्रीतून आणखी पानं गळली असणार.
दहाला मोजली.
कुंपणाच्या दोन बोटं आत.

खडे सरकवावेत म्हणून हात पुढे गेला होता.
मागे घेतला.
पिशवीतल्या बिलाच्या पाठीवर लिहिलं :
शुक्रवार, दहा वाजता, दोन बोटं.

सोमवारी सुकेशला दाखवायचंय.
तो कागद उलटा करून आधी मेथीचा भाव वाचेल,
मग म्हणेल,
मी नाही हललो, मॅडम.